एक लांब, दोन आखूड

विनी गेल्यापासून एल्विन क्राउलीला घरात बसवत नव्हतं. खुर्चीत बसला की पाय हलायला लागायचे आणि उठून उभा राहिला की कशासाठी उठलो ते आठवायचं नाही. मग तो टोपी घालायचा, ट्रक काढायचा आणि बंदराच्या रस्त्याला लागायचा. डायर हार्बर हे गाव म्हणजे तसा एकच रस्ता. एका टोकाला बंद पडलेला हेरिंगचा कारखाना, दुसऱ्या टोकाला काळ्या खडकाचं वळण. मध्ये घरं, चर्च, शेवंडीच्या पिंजऱ्यांच्या राशी आणि रस्त्याच्या कडेला विनीच्या पाट्या.

पाट्या खरं तर गावाच्या. गावाच्या समितीने वर्गणी काढून लावलेल्या, ओतीव धातूच्या, निळ्या, वर पांढरी अक्षरं. पण मजकूर बहुतेक सगळा विनीने लिहिलेला, म्हणून लोक त्यांना विनीच्या पाट्या म्हणायचे. विनी शाळा सोडून कारखान्यात डबे भरायला लागलेली बाई. बोलायची तसंच लिहायची. धक्क्याजवळच्या पाटीवर तिने लिहिलं होतं, 'इथे कॉड मासा फळ्यांवर वाळत घालत. पाऊस आला की सगळं गाव मासा झाकायला पळे, लग्न चालू असलं तरी.' बर्फाचं कोठार होतं तिथे, 'तळ्यातला बर्फ इथे भुशात पुरून ठेवत. भुसा चोरीला जाई, बर्फ नाही.' चर्चसमोर, 'हे चर्च आधी पलीकडच्या बेटावर होतं. बेटावर माणसं उरली नाहीत तेव्हा तराफ्यावर घालून इकडे आणलं. वाटेत घंटा आपोआप वाजत होती.'

उन्हाळ्यात येणारे पाहुणे गाड्या थांबवून हे वाचायचे आणि हसायचे. विनीला ते आवडायचं. सीगल पक्षी पाट्यांवर बसून घाण करायचे म्हणून ती बादली आणि ब्रश घेऊन त्या धुवायला जायची. आता एल्विन जायचा. काल धुतलेली पाटी आज परत धुवायचा. कोणी हटकलं तर म्हणायचा, सीगलना सांगा.

सगळ्या पाट्या संपल्या की काळ्या खडकाच्या वळणावर तो ट्रक थांबवायचा. तिथे नुसता खांब होता. मागच्या शरद ऋतूत, विनी हिंडतीफिरती होती तेव्हा, तिच्यादेखत रोवलेला. वर पाटी नाही. इंजिन चालू ठेवून तो त्या खांबाकडे बघत बसायचा आणि मग त्याला तिथेही बसवायचं नाही.

या पाटीचा मजकूर ठरत नव्हता. म्हणजे समितीने ठरवला होता, एल्विनला मान्य नव्हता.

त्या खडकावर १९६२च्या जूनमध्ये 'मिल्ड्रेड' ही बोट फुटली होती. कारखान्यासाठी हेरिंग आणणारी बोट. भर दुपारी, दाट धुक्यात तिचं इंजिन बंद पडलं आणि ओहोटीने तिला खडकावर नेऊन घातलं. कप्तान आणि त्याचा एक मदतनीस, दोघंही गेले. मजकुराचा शेवट समितीने असा केला होता: 'बोटीचा भोंगा धुक्यात कोणालाही ऐकू आला नाही.'

विनीने लिहिलं होतं ते वेगळं. 'बोटीचा भोंगा गावाला ऐकू आला. बायकांना तो कारखान्याचा वाटला आणि त्या कात्र्या घेऊन कारखान्याकडे गेल्या.'

एल्विनला हे शेवटच्या दुखण्यात तिनेच सांगितलं होतं. मासे आले की कारखाना भोंगा वाजवून बायकांना बोलवायचा. प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा. इथला एक लांब, दोन आखूड. तो वाजला की हातातलं काम टाकायचं, खिळ्यावरची कात्री घ्यायची आणि निघायचं. माशाचं डोकं-शेपूट ज्या कात्रीने उडवायचं ती प्रत्येकीची आपापली असायची. आणि समुद्रावरचा नियम असा की धुक्यात बोट हाताबाहेर गेली, इंजिन बंद पडलं, की भोंगा द्यायचा तो एक लांब, दोन आखूड. 'मिल्ड्रेड'च्या कप्तानाने नियमाप्रमाणे भोंगा दिला होता. बायकांनीही नियमाप्रमाणेच ऐकला होता.

"ते पाटीवर आलं पाहिजे," विनी म्हणाली होती. "बाकीच्या पाट्या नाही टिकल्या तरी चालतील." फेब्रुवारीत ती गेली.

एल्विनने मे महिन्याच्या बैठकीत विषय काढला. बैठक नेहमीप्रमाणे चर्चच्या तळघरात, कॉफी आणि डोनट समोर ठेवून. समितीचा अध्यक्ष क्लेटन, आयुष्यभर टपाल वाटून निवृत्त झालेला, भांडणाला घाबरणारा माणूस. त्याने घसा खाकरून सांगितलं की गेलेल्यांच्या घरच्यांची हरकत असेल तर वाक्य घ्यायचं नाही, असा आपला रिवाज आहे. कप्तानाचं आता कोणी राहिलं नाही. मदतनिसाची बायको आहे, आणि तिची हरकत आहे.

मदतनिसाची बायको म्हणजे व्हर्ना. तीही त्याच बैठकीत कोपऱ्यात विणकाम करत बसली होती. तिने मान वर केली नाही. एल्विनने तिला विचारलं, का म्हणून? ती म्हणाली, माझी हरकत आहे, पुरे झालं. मग सुया पुन्हा चालू.

एल्विनला हे फार लागलं. व्हर्ना म्हणजे विनीची लहानपणापासूनची मैत्रीण. दुखण्यात रोज यायची, विनीचे केस विंचरून द्यायची, एल्विनला बाहेर पिटाळायची. आणि तीच आता विनीची शेवटची इच्छा अडवून बसली होती. तो तळघरातून तडक बाहेर पडला. मागून कोणीतरी म्हणालं, बटाटा तापला. नंतर हसू आलं.

गावात त्याला बटाटाच म्हणायचे. तो उत्तरेकडच्या बटाट्याच्या मुलखातला, बोट फुटली त्याच्या पुढच्या वर्षी इथे कामाला आला. विनीशी लग्न केलं, तिच्या मामाकडून शेवंड धरायला शिकला, सगळा जन्म इथल्या पाण्यात काढला. तरी गावाच्या हिशेबी तो बाहेरचाच. त्याचा कधी राग आला नव्हता. त्या दिवशी आला.

त्याने व्हर्नाशी बोलणं सोडलं. पण अंत्यविधीनंतर तिने चावडर, म्हणजे माशाचं दाट सूप, भरून दिलेलं भांडं त्याच्याकडेच राहिलं होतं. काचेचं, झाकणाचं, तळाला चिकटपट्टीवर 'व्हर्ना' असं लिहिलेलं. ते स्वयंपाकघरात समोर दिसायचं म्हणून त्याने ट्रकमध्ये नेऊन ठेवलं. तिथे ते प्रत्येक वळणाला खडखडायचं.

जूनमधल्या त्या गुरुवारी सकाळपासून धुकं होतं. क्लेटनचा फोन आला. पाट्या ओतणाऱ्यांना उद्या मजकूर पाठवायचा आहे, तर मी समितीचाच पाठवतो, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. मग क्लेटन म्हणाला, "व्हर्ना हो म्हणाली तर माझं काही नाही रे. माझी आई पण होती त्या बायकांत. पण ती हो म्हणायची नाही."

एल्विनने फोन ठेवला. खिडकीबाहेर कुंपणसुद्धा दिसत नव्हतं. अशा दिवशी विनी घरात थांबायची नाही. पुढच्या ओट्यावर जाऊन उभी राहायची, खांबाला धरून, चहा निवून जायचा. एल्विन बोट घेऊन परत आला की ती तिथेच दिसायची. बाकीच्यांच्या बायका अशा उभ्या राहत नाहीत, असं तो पिंजरे उतरवताना इतरांना ऐकवायचा. आता ओटा रिकामा होता.

त्याने ट्रक काढला. व्हर्नाकडे जायचं तर भांडं द्यायचं, आणि भांडं द्यायचं तर रिकामं देता येत नाही, एवढं गाव त्याच्या अंगात मुरलं होतं. करता काय? त्याला शिजवता येत नव्हतं. त्याने तळघरातून बटाटे आणले, भांड्यात घातले आणि वर झाकण ठेवलं. झाकण बसेना, तेव्हा एक बटाटा काढून खिशात टाकला.

व्हर्नाचं घर काळ्या खडकाच्या अलीकडचं शेवटचं. तिने दार उघडलं, भांडं बघितलं, झाकण उचललं.

"तुला काय वाटलं, मला ओळख पटणार नाही तू कोण ते?" ती म्हणाली. "ये आत. पाय पूस."

तो बसला नाही. टेबलाला धरून उभा राहिला आणि जे बोलायचं ते एका दमात बोलला. उद्या मजकूर जाणार. विनीने काही जास्त मागितलं नव्हतं. घडलं ते लिहा एवढंच. तू तिची मैत्रीण म्हणवतेस. तुझा मर्ल त्या बोटीवर होता हे मला कळतं, पण तू चुकलीस असं कोणी म्हणत नाही, सगळ्याच बायका चुकल्या. तुला स्वतःची लाज झाकायची असेल तर झाक, पण विनीच्या नावावर नको.

व्हर्ना बटाटे एकेक करून परडीत काढत होती. ती थांबली.

"माझी लाज?"

"मग कोणाची?"

तिने हात ॲप्रनला पुसले. खुर्ची ओढली आणि स्वतः बसली. त्याला बस म्हणाली नाही.

"तिने तुला सगळं सांगितलं म्हणतोस."

"सांगितलं."

"पहिल्यांदा कोणाला ऐकू आला ते सांगितलं?"

असा प्रश्न असू शकतो हे एल्विनच्या कधी मनातच आलं नव्हतं. भोंगा गावाला ऐकू आला. गाव म्हणजे गाव.

व्हर्नाने मग सांगितलं. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, परडीकडे बघत होती. त्या दुपारी त्या दोघी याच घराच्या पायरीवर बसल्या होत्या. व्हर्नाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, विनी एकोणीस वर्षांची. विनीचा कान गावात सगळ्यात तिखट. वारा उलटा असला, कपडे धुताना पाण्याचा आवाज असला, तरी भोंगा पहिल्यांदा तिला कळायचा आणि ती म्हणाली की बाकीच्या कात्री उचलायच्या, स्वतः ऐकायच्या थांबायच्या नाहीत. त्या दिवशी धुक्यात आवाज कुठून येतोय ते समजत नव्हतं. अगदी बारीक आला. एक लांब, दोन आखूड.

"मी म्हटलं, कारखान्याचा का गं? ती म्हणाली, 'आपला.' मी म्हटलं, नक्की? 'आपलाच, चल.' आणि निघालीसुद्धा. दारं वाजवत गेली. या दाराला, त्या दाराला, क्लेटनच्या आईच्या दाराला. आम्ही सगळ्या तिच्या मागे."

"मग?"

"मग काय. कारखाना तिकडे, खडक इकडे. खडकाकडे पाठ करून गेलो आम्ही. कारखान्याचं दार बंद. फोरमन बाहेर आला, म्हणाला, मी वाजवलाच नाही, कशाला आलात? आणि त्याचं बोलणं संपलं न संपलं तोच परत वाजला. या वेळी समुद्रावरून वाजला. सगळ्यांनाच कळलं. कात्र्या हातात घेऊन उभ्या होतो आम्ही."

एल्विनने खुर्ची चाचपली आणि तो बसला. खिशातला बटाटा मांडीखाली रुतला, तरी तो हलला नाही.

"पुरुष होड्या घेऊन गेले," व्हर्ना म्हणाली. "पण तोवर भोंगा बंद झाला होता. कुठे जायचं ते कळेना त्यांना. आम्ही इथेच राहिलो असतो, पायरीवरून खाली गेलो असतो, तर कळलं असतं कुठे ते. कदाचित. कदाचित नसतंही. संध्याकाळी माझी सासू मला विचारायला आली, पोरी, कोणीच कसं ऐकलं नाही? मी म्हटलं, नाही ऐकलं कोणी. विनी तिथेच होती. बस्स. गावाने तेच धरलं. कोणी ठरवलं नाही, कोणी बोललं नाही."

"तू तिला वाचवलंस."

"एकोणीस वर्षांची होती रे. बाजारात तिच्याकडे बोट दाखवलं असतं लोकांनी. आणि तू पुढच्या वर्षी येणार होतास, बटाट्या. तुला कोणी ना कोणी सांगितलंच असतं."

बाहेर दूर कुठेतरी बंदराच्या तोंडावरची घंटा वाजत होती.

"धुक्यात ओट्यावर उभी राहायची," एल्विन म्हणाला. "मला वाटायचं माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीही असेल. बाईमाणसाला एका वेळी दोन काळज्या करता येतात."

त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि परत उचलली. तो आला होता भांडायला, आणि आता त्याला स्वतःलाच ते वाक्य नको झालं होतं. पाटी लागेल. पाहुणे गाड्या थांबवून वाचतील. हसतील नाही, पण मान हलवतील, म्हणतील काय पण बायका. आणि त्या बायकांत सगळ्यात पुढे विनी. कोणाला माहीत नसलं तरी त्याला माहीत असणार. रोज त्या वळणावरून जायचं.

"राहू दे," तो म्हणाला. "क्लेटनला सांगतो, आहे तेच पाठव."

व्हर्नाने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

"आता राहू दे? महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. रस्त्यात भेटलास तर ट्रकची काच वर केलीस."

"मला माहीत नव्हतं."

"तिला माहीत होतं ना? तिला माहीत असून तिने लिहिलं." व्हर्ना उठली, परडी सिंकपाशी नेली, परत आणली. तिलाही आता एका जागी राहवत नव्हतं. "दर वर्षी जून आला की विचारायची मला. व्हर्ना, आता सांगूया का? मी म्हणायचे, नको. मला वाटायचं मी तिच्यावर उपकार करतेय. शेवटी तिचे केस विंचरत होते तेव्हाही विचारलंन. मी म्हटलं, गप पडून राहा. तेच बोलले मी तिला. गप पडून राहा."

एल्विनने खिशातला बटाटा काढून टेबलावर ठेवला.

"वाच ते वाक्य," व्हर्ना म्हणाली.

ते त्याला पाठ होतं. "बोटीचा भोंगा गावाला ऐकू आला. बायकांना तो कारखान्याचा वाटला आणि त्या कात्र्या घेऊन कारखान्याकडे गेल्या."

"गेल्या," व्हर्ना म्हणाली. "अंडी आणायला गेल्यासारख्या. स्वतःला फार कमी लेखायची ती. गेलो नाही आम्ही, धावलो. क्लेटनच्या आईच्या कडेवर पोर होतं, ती पोरासकट धावली. ज्याने बोलावलं त्याच्यासाठी धावलो. आणि ती 'आपला' म्हणाली त्यात खोटं काय होतं? बोट आपली, माणसं आपली. भोंगा आपलाच होता. फक्त धावायची दिशा चुकली." तिने खुंटीवरचं जाकीट ओढलं. "चल."

"कुठे?"

"क्लेटनकडे. फोनवर त्याला ऐकू येत नाही, आणि मी हो म्हणतेय हे त्याला खरं वाटणार नाही."

ट्रकमध्ये बसल्यावर एल्विनने सवयीने गाडी वळणाकडे घेतली. तिथेच वळवायला जागा होती. धुक्यातून खांब एकदम समोर आला. त्याचा पाय ब्रेकवर गेला.

"थांबू नकोस," व्हर्ना म्हणाली. ती सरळ समोर बघत होती. "थांबलास तर मी घरी जाईन."

त्याने खांबाला वळसा घातला आणि गाडी गावाकडे दामटली. बर्फाच्या कोठाराची पाटी गेली, चर्चची गेली. एकही नीट दिसली नाही.

क्लेटनने दार उघडलं तेव्हा त्याच्या तोंडात घास होता. दोघांना एकत्र बघून तो चावायचा थांबला. व्हर्नाने त्याला आत ढकललं, मजकुराचा कागद आणायला लावला आणि वाक्य सांगितलं. क्लेटनने ते पेन्सिलीने लिहिलं, मग पेन्सिलीच्या टोकाने एकेक अक्षर मोजत गेला आणि त्याचं तोंड उतरलं.

"बसत नाही. एक ओळ जास्त होते. पाटीचा आकार ठरलेला आहे." त्याने घाबरत घाबरत दोघांकडे बघितलं. "तसं 'गेल्या'च्या जागी 'धावल्या' केलं ते ठीक आहे. पण पूर्ण वाक्यच मोठं आहे. काहीतरी काढावं लागेल."

व्हर्नाने कागद स्वतःकडे ओढला. चष्मा आणला नव्हता, म्हणून तो लांब धरला. बोट कोणत्या कारखान्याची होती ते वरच्या ओळीत होतं, आणि त्या ओळीत कारखान्याच्या मालकाचं नाव, बापाच्या नावासकट.

"याला काढ," ती म्हणाली. "हा धावला नव्हता."

क्लेटनने एल्विनकडे बघितलं. एल्विनने मान हलवली. क्लेटनने खोडरबर शोधायला खण उघडला, तो सापडेना. मग त्याने नाव नुसतंच खोडलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाड.

"तुझ्या आईनेही तुला एक सांगितलं नाही," व्हर्ना त्याला म्हणाली. "कडेवरचं पोर तू होतास. फार रडत होतास. तेवढं पाटीवर नको, पण माहीत असू दे."

परतताना धुकं तसंच होतं. व्हर्नाला दारात सोडून एल्विन घरी आला आणि इंजिन बंद करून आत बसून राहिला. थोड्या वेळाने उतरला, पण घरात गेला नाही. ओट्यावर गेला. खांबाचा रंग एका जागी उडाला होता, छातीच्या उंचीवर, हात धरून धरून. त्याने तिथे हात ठेवला. हात जरा खाली घ्यावा लागला. विनी बुटकी होती.

बंदराच्या तोंडाशी कोणाची तरी बोट भोंगा देत होती. एल्विन मोजत उभा राहिला. एक लांब. मग तो वाट बघत राहिला. पुढचे दोन आले नाहीत, बोट नीट चालली होती, तरी त्याला आत जाववेना.